माझ्या हातचे पापड

आमचं आडनाव मोठं सोयीचं. चार जातींत सापडतं, आणि ऐकणारा आधी आपलीच जात धरून चालतो. लेकीच्या दहावीसाठी मोहोळ सोडून मी जिल्ह्याच्या गावी शुक्रवार पेठेत खोल्या शोधत होते. सात घरमालकांनी आडनाव विचारलं, मग गाव, मग कुलदैवत, आणि मग प्रत्येकाचा मुलगा अचानक पुण्याहून परत यायला निघाला. आठव्या घरच्या काकू मात्र आडनाव ऐकूनच फुलल्या. त्यांच्या माहेरचंच निघालं. पुढे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. का सांगू?

एप्रिलपासून अकरा महिन्यांचा करार झाला. मे महिन्यात गच्चीवर आम्ही दोघींनी मिळून उडदाचे पापड लाटले. भाडेकरीण नव्हे, माहेरची पोर मिळाली, असं काकू गल्लीभर सांगत सुटल्या.

जानेवारीत माझे सासरे गावाहून आले. चहा देता देता काकूंनी त्यांना कुलदैवत विचारलंच. सासऱ्यांना लपवाछपवी जमत नाही.

"कुलदैवत कसलं, आमी बौद्ध की," म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी काकूंचाही मुलगा पुण्याहून निघाला. करार फेब्रुवारीअखेर संपत होता आणि परीक्षा मार्चमध्ये. महिनाभर राहू द्या म्हणून मी हात जोडले, त्याची मला आजही चीड येते. काकू काही बधल्या नाहीत.

मग एका दुपारी त्या पापडांचा डबा घेऊन दारात उभ्या. उंबरा ओलांडला नाही. अन्न टाकवत नव्हतं आणि खाववतही नव्हतं.

"यातले तुझ्या हातचे तेवढे वेगळे करून दे," म्हणाल्या.

कमालच झाली! निम्मा डबा पोटात गेला होता, त्याचं काय करणार होत्या कोण जाणे. हसू दाबून मी सांगितलं, पोरीचा शेवटचा पेपर होऊ द्या, त्या दिवशी देते निवडून. मुलाचं येणं लगेच महिनाभर लांबलं.

शेवटचा पेपर झाला, टेम्पोत सामान चढलं. मी एकेक पापड उजेडाला धरून, गंभीर चेहऱ्याने दोन ढीग केले. एक काकूंना दिला, एक पिशवीत घातला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

टेम्पोत लेकीने विचारलं, खरंच ओळखू आले का? म्हटलं, छे गं, न तुटलेले तेवढे मी घेतले. मला वाटलं, ती हसेल.

"अकरावीला खोली बघताना आधीच सांगून टाक, आई," ती म्हणाली.

मग खोली मिळायची नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.