कमलाच्या पोलक्याच्या बाह्या

सकाळी चहा टाकला होता, तेवढ्यात हिंगणीहून शालूचा फोन आला. "काकू, आई गेली. झोपेतच गेली." मी गॅस बंद केला आणि पहिलं काय विचारलं असेल? तिच्या अंगात पोलकं कोणतं होतं... शालू रडता रडता हसली. म्हणाली, "अर्ध्या बाह्यांचंच, काकू." आईच्या मरणात ही कसली चौकशी, असं तुम्हाला वाटेल, म्हणून सांगते.

शालूची आई कमला माझी तळेगावची शेजारीण. भिंतीला भिंत. लग्न होऊन आली तेव्हापासून मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. आमच्याकडचा मे महिना म्हणजे सावलीतही जीव नकोसा होतो, आणि ही बाह्यांची बटणं लावून पापड लाटायची. बायका आपसात म्हणत, नवरा मारत असेल. आता तिचा नवरा म्हणजे कापडाच्या दुकानात बसणारा, गिऱ्हाइकाशीही हळू बोलणारा माणूस. खरं म्हणजे हिला दाराची कडी लागली, कळशी कमरेला टेकली, तरी निळंजांभळं व्हायचं. कधी तर काही लागल्याचं आठवायचंसुद्धा नाही. सासूनं सांगून ठेवलं होतं, झाकून ठेव, नाहीतर माझ्या पोराचं नाव खराब होईल. हिनं झाकलं, म्हणूनच ते खराब झालं. बिचारा ते बालंट घेऊनच गेला.

पुढे नव्वद सालानंतर शालूचं लग्न झालं, हिंगणीच्या किराणा दुकानवाल्यांकडे. पहिल्या दिवाळीला तिचा भाऊ दिनेश तिला आणायला गेला, तर पोरीच्या दंडावर काळेनिळे डाग. ती म्हणाली, मला कोणी हात लावला नाही. दिनेश म्हणाला, सगळ्या असंच म्हणतात. जितकं ती नाही म्हणे, तितकं त्याला खरं वाटे. माहेरी आणून ठेवली, सोडचिठ्ठीसाठी वकीलही बघून आला. शालू खाईना, पिईना.

एका दुपारी जावई न्यायला आले. दिनेशनं त्यांना ओट्यावरही चढू दिलं नाही. गल्ली गोळा झाली. तेवढ्यात घरातून कमला आली, हातात नवऱ्याच्या दुकानातली कापड कापायची कात्री. मी अडवायला पुढे झाले, पण तिनं कात्री आपल्याच खांद्याशी लावली आणि दोन्ही बाह्या कापून टाकल्या. एवढ्या वर्षांत मी ते हात पहिल्यांदा पाहिले. डागच डाग, काही पिवळे पडलेले, काही अगदी ताजे.

"पाह्य दिनेश," ती म्हणाली, "तुह्या बापानं मले कधी बोट लावलं नाई. अन् तो जाऊन वर्सं झाली. मंग हे कालचे डाग कोनं केले?"

दिनेश खालीच बसला. त्यालाही लहानपणापासून तेच वाटत आलं होतं ना! मग उठून त्यानंच जावयांना खुर्ची आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून वर्ध्याच्या दवाखान्यात गेले. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मायलेकींचं रक्त गोठायला जन्मापासूनच वेळ लागतो, म्हणून जरा धक्का लागला तरी कातडीखाली पसरतं. कोणाला गोळ्यांनी असं होतं, कोणाची कातडी उतारवयात पातळ होते. तपासल्याशिवाय कळत नाही. डोकं दुखलं म्हणून मनानं गोळी खायची नाही, दात काढायचा असला की आधी सांगायचं. बाळंतपणाचं तर आधीच सांगून ठेवायचं. तसं सांगितलं, म्हणून शालू सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली.

बारशाला कमला हिंगणीला गेली ती अर्ध्या बाह्यांचं पोपटी पोलकं घालून. शेजारणी हाताकडे टकमका बघू लागल्या, तशी हिनं हातच पुढे केले. "मार असन तं मार म्हना, रक्त असन तं रक्त म्हना. झाकू नका, बायांनो." एकजणीनं तिथंच आपल्या लेकीचा हात धरून तिला पुढे आणलं. पुढेही कितीजणी आल्या, आणि कमला प्रत्येकीबरोबर वर्ध्याच्या बसमध्ये बसली.

कात्री चालवली त्या संध्याकाळी त्या बाह्या तिनं माझ्या ओट्यावर टाकल्या होत्या. "घे, तव्याले धरायले होतीन." अजून आहेत. कापड विरलंय, मनगटाची बटणं शाबूत. सून म्हणते, आई, फेका आता ती चिंधी. मी कशाला फेकते! झाकण्यातून सुटून इतक्या वर्षांनी तिला धड काम मिळालंय. आजही चहाचं भांडं मी त्या चिंधीनंच धरून उतरवलं.