सोमवारी लागलेलं जहाज

काशम्मा गप्प बसली की घरातल्या भांड्यांनासुद्धा चुकल्यासारखं व्हायचं, इतकी ती बोलकी. पण सोमवारी तिचं मौन असायचं. पहाटे आंघोळ झाली की ओठ मिटायचे, ते देवापुढं सांजवात लावल्यावरच उघडायचे. मुलगा गुरुराज पाळण्यात असताना तापानं फणफणला होता, तेव्हा सिद्धेश्वराला बोललेला तो नवस. नवरा गेला तोही सोमवारीच. काशम्मा रडली, पण आवाज काही बाहेर आला नाही.

मौनातही घर चालवायचं तिनंच. त्यासाठी तिच्याजवळ पितळी तांब्या होता. बोटातली अंगठी तांब्यावर वाजली की लहानग्या गुरुराजला सगळं कळायचं. एकदा वाजली तर जेवायला ये, दोनदा वाजली तर शाळेला पळ. आणि काठावरून अंगठी गोल फिरवून खर्रर्र केलं, तर काही मिळणार नाही, उगं मागं लागू नको.

नवऱ्यामागं फणीचा कारखाना तिच्या नावावर झाला. मागावर ताण्याचे धागे ज्यातून ओवतात ती पोलादी फणी. तिला लागणारी चपटी, बारीक तार परदेशातून जहाजानं यायची. सरकारचा नियम असा, की जहाज बंदराला लागायच्या आधी संगणकावर मालाची नोंदणी करायची आणि नंबर घ्यायचा. नंबर नसला की माल बंदरातच अडकला म्हणून समजा. कारखाना काशम्माचा, म्हणून नोंदणीला मोबाईलही तिचाच दिलेला. गुरुराजनं तिला बजावून ठेवलं होतं, फोनवर ओटीपीचे आकडे आले तर मला सांगायचे, दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत. हेही तिनं नवसासारखंच धरून ठेवलं.

त्या सोमवारी ती देवळात तळ्याच्या बाजूला बसली होती आणि कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिनं वाजू दिला. परत वाजला. सोमवारी तिला घरचं कुणी फोन करत नसे. मग कोण गेलं? लालसाबला काही झालं का? लालसाब तिच्या कारखान्यातला जुना कारागीर, साखरेच्या दुखण्यानं बेजार. ती उठली, परत बसली, परत उठली. चपला सोडल्या होत्या तिथपर्यंत जाऊन माघारी आली. फोन उचलावा तर बोलावं लागेल, न उचलावा तर जीव थाऱ्यावर राहीना. शेवटी उचलला आणि नुसतीच ऐकत राहिली.

फोन गुरुराजचा होता. तो ट्रान्सपोर्टवाल्याला भेटायला टेंभुर्णीला गेला होता. मालाचं पक्कं वजन हाती आलं नव्हतं म्हणून नोंदणी अर्धीच भरून ठेवलेली. जहाजाला अजून अवकाश आहे, असं बंदरावरचा एजंट म्हणाला होता. आता तोच एजंट सांगत होता, की मधलं एक बंदर टाळून जहाज पुढं आलंय, दिवेलागणीच्या आत लागेल. गुरुराज तिथल्याच ओळखीच्या तौहीदच्या संगणकाच्या दुकानात बसला होता. सगळं भरून झालं होतं, फक्त आईच्या फोनवर येतील ते आकडे हवे होते.

"अव्वा, सोमवार हाय, ठावं हाय मला. पर कारखान्यात तारेचं शेवटचं रीळ लावलंय. तार अडकली तर लालसाबचाचांनी काय करायचं?"

फोन थरथरला, आकडे आले. काशम्माला शाळा दुसरीपर्यंतच, पण फणीचे नंबर वाचून वाचून आकडे पाठ झालेले. ओठापर्यंत आले नि तिथंच अडले. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, मावशी, वाचून दाखवू का? काशम्मानं फोन पदराखाली घेतला. बाईला वाटलं, म्हातारी संशयी दिसते. गुरुराज हाका मारत राहिला आणि आकड्यांची मुदत संपली.

एवढ्या वर्षांचं मौन, ते एका तारेसाठी सोडायचं? आणि नाही सोडलं, तर लालसाबनं या वयात कुणाच्या दारात काम मागायला जायचं? अभिषेकाला आणलेला तांब्या समोर होता. तिनं आत जाऊन त्यातलं पाणी पिंडीवर ओतून टाकलं, कोपऱ्यात आली, फोन तांब्याला टेकवला आणि अंगठी वाजवली.

पलीकडं गुरुराजनं तो आवाज लगेच ओळखला.

"थांब अव्वा. नवीन आकडे मागवतो."

आकडे आले. जेवढा आकडा तेवढ्यांदा अंगठी वाजायची, थांबायची, परत वाजायची. मधेच कुणी देवळातली घंटा वाजवली. काशम्मानं त्या माणसाकडं असं पाहिलं, की तो घंटेखालून बाजूलाच झाला. तिनं तो आकडा पहिल्यापासून वाजवला. शेवटी शून्य होतं. शून्य वाजवायचं कसं? क्षणभर ती थबकली, मग काठावरून अंगठी फिरवली, खर्रर्र.

"काही मिळणार न्हाय," गुरुराज म्हणाला. "शून्य. व्हय की न्हाय?"

हो म्हणून अंगठी एकदाच वाजली.

मग नुसतं बसून राहणं. तळ्यावर ऊन कलत होतं, काशम्मा देवाकडं कमी आणि फोनकडं जास्त बघत होती. फोन वाजला तेव्हा गुरुराजनं एवढंच सांगितलं, की नंबर मिळाला, जहाज अजून बंदराबाहेरच उभं आहे.

सांजवात लावल्यावर घरातले सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसले. दिवसभराचं किती साठलं असेल, आता रात्रभर बोलेल, असं सुनेला वाटलं. गुरुराजही परत आला होता. तो म्हणाला, नोंदणीला आता माझा फोन लावतो.

"ऱ्हाऊ दे माझाच," काशम्मा म्हणाली. "जहाजवाल्याला तेवढं सोमवार सोडून यायला सांग."

आणि लालसाबला फोन लावायला ती अंगणात गेली.