पाणी बाहीर मिळंल

औशाकडच्या एका गावात सिंधूबाईचं घर आहे, आणि त्या घरात घोटभर पाणी मिळायचं नाही. कंजूष म्हणाल तर तसं नव्हे हो! भाकरीवर भाकरी वाढील. पण माठ अंगणातल्या लिंबाखाली. पाहुणा असो, जावई असो, तिचं एकच, "तहान लागली? मंग बाहीर ये." सिंधूबाईच्या घरची तहानसुद्धा चपला घालून निघते, म्हणून गाव हसायचं. हसो बापडं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपाच्या रात्री पोरगा रामलिंग बापासंगं गणपती बुडवायला गेलेला. पाच वर्षांची शीला माळवदाखाली झोपलेली. पहाटे ती कुरकुरली, "आई, पाणी." "आणते गं," म्हणून सिंधूबाई अंगणातल्या रांजणाकडं गेली, तांब्या बुडवला, आणि पाठीमागं घर बसलं. दगडाच्या भिंती, वर मातीचा हा थर! पोर तहानलेलीच गेली, हे तिच्या काळजात रुतलं ते रुतलंच. तेव्हापासून कुणी पाणी मागितलं की ती त्याला आधी छपराखालून काढते. स्वतः पत्र्याच्या शेडात निजते, भरला तांब्या उशाशी घेऊन. शीलाची हाक तिला अजून ऐकू येते.

रामलिंग आता इंडोनेशियात, साखर कारखान्यात केमिस्ट. "एकदा तरी ये की माय," म्हणून तो हात धुऊन मागं लागला, तेव्हा शाळेसाठी आजीजवळ राहिलेल्या त्याच्या पोरीला, ऋतुजाला घेऊन ती निघाली. शेवटचा टप्पा फेरीबोटीचा, या बेटावरून त्या बेटावर. बेटं कसली, समुद्रातून वर आलेले ज्वालामुखी! एकाच्या टकुऱ्यातून धूर निघत होता.

"आज्जी, इथं रोजच हादरे बसतात म्हणं," ऋतुजानं चिडवलं.

"गप ए भवाने!" म्हातारी पांढरीफटक पडली.

थोड्याच वेळात पोरीला बोट लागली. ओकून ओकून ती खालच्या खोलीत जाऊन पडली. सिंधूबाई वर उघड्यावरच बसली, धक्क्यावर भरून घेतलेला तांब्या मांडीत धरून. तेवढ्यात डोंगर घुमला, बोटीचं लोखंड थरथरलं, आणि खालून हाक आली.

"आज्जी, पाणी."

सिंधूबाई तांब्या घेऊन उठली. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती ओरडली, "ऋतू, बाहीर ये गं! वर ये, माझे माय!"

"उठवत न्हाई गं आज्जी."

खाली अंधार, बुटकं लोखंडी छत. भीतीनं म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण तिनं पदर खोचला आणि बसत, सरकत एकेक पायरी उतरली. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. उरलेलं तिनं पोरीच्या तोंडाला लावलं. पोरगी घटाघटा प्याली, तांब्याच्या बुडापर्यंत.

"अगं, तू आत कशी आलीस?" ऋतुजानं विचारलं.

"आणते म्हणलं होतं न्हवं," सिंधूबाई म्हणाली. मग नातीला तिनं एका अंगाला घेतलं, आणि दुसऱ्या अंगाला पाच वर्षांच्या पोरीपुरती जागा ठेवून तिथंच, छताखाली, आडवी झाली.