पाचले थांब्यावर या

कोणी भांडताना दिसलं की इंगळे काका आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे. मधे पडायचे नाहीत, सोडवायचे तर नाहीतच. "साडेचार झाले. अर्धा घंटा हाये अजून, भांडून घ्या. पाचले थांब्यावर या दोघंबी." एवढं बोलून परत मशीनखाली घुसायचे.

थांबा म्हणजे आमच्या कापसाच्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकासमोरचा, नांदुरा रोडवरचा सिमेंटचा प्रवासी निवारा. रोड रुंद झाल्यापासून तिथं एकही बस थांबत नाही, बकऱ्या बसतात. काका बकऱ्या हाकलायचे, ओटा फडक्यानं झाडायचे आणि दोन भांडखोर बाजूबाजूला बसवायचे. तोंडं रोडकडे. "एकमेकाच्या थोबाडाकडं पाहू नका. थोबाड दिसलं का राग येते. ट्रक पाहा अन् बोला." दुसरा नियम, आपली बाजू आधी सांगायची नाही. "आधी त्याचं सांग. तुह्यं मंग." आणि तिसरा, थांब्यावरचं बोलणं फाटकाच्या आत न्यायचं नाही.

मी विचारलं होतं, "काका, मॅनेजर आहे ना भांडणं मिटवायला? केबिन आहे, एसी आहे."

"केबिनमधी भांडण गेलं का त्याचा कागद होते. कागद झाला का कोणाचं तरी पोट जाते. थांब्यावर कागद नाई बे."

भीमराव इंगळे आमचे फिटर. बारीक अंगाचे, भुवयांवर कायम कापसाची पांढरी लव. मी काट्यावर, म्हणजे गाड्या आणि कापसाच्या गठाणी मोजायला. शिक्षण बारावी, आणि फॅक्टरीचा फुकटचा टीव्ही. मॅनेजर, मुकादम, चहावाली मावशी, सगळ्यांची नक्कल मी करायचो. काकांच्या खोकल्याचीही. तीन छोटे, एक लांब, आणि मग "हं, सांग." काका स्वतः हसले होते. "माह्यापेक्षा तूच चांगला खोकलतं बे." फरक एवढाच, की माझा खोकला टाळ्या पडल्या की थांबायचा.

मी थांब्यावर पहिल्यांदा बसलो तो सुधाकरभाऊमुळे. सुधाकरभाऊ वडनेरचा, गठाण बांधायच्या प्रेसचा ऑपरेटर. तगडा गडी, बोलणं कमी. एकदा गठाणीची पट्टी अडकली म्हणून मी प्रेसमध्ये हात घातला आणि ओरडलो, "थांबव!" त्यानं चालू केली. हात काढला, पण बोटाचं नख आतच राहिलं. मी त्याच्या आईवर गेलो. त्यानं मला भिंतीवर आपटलं. मुकादम केबिनकडे निघाला तर काकांनी त्याची बाही धरली आणि घड्याळ पाहिलं.

पाच वाजता आम्ही ओट्यावर. मी ट्रककडे बघून म्हटलं, "याचं सांगायचं म्हणजे काय? यानं मुद्दाम केलं." सुधाकरभाऊ सारखा मान वळवून माझ्या तोंडाकडे बघत होता. काका म्हणाले, "रोडकडं पाहा, सुधाकर." त्यानं रोडकडे पाहिलं. मी पुन्हा काहीतरी बोललो. तो पुन्हा वळला.

काका उठले. त्याच्या मागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "सुधाकर, तुह्या घरी आग लागली."

सुधाकरभाऊ ट्रक बघत राहिला.

काका समोर आले, उकिडवे बसले. "कवापासून?"

तो म्हणाला, "दोन सीझन झाले. मशीनचा आवाज तेवढा येते, छातीत. माणसाचा नाई येत. तोंड पाह्यलं तर समजते." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुह्या बोटाची आन, मुद्दाम नाई केलं. पण हे आत समजलं तर मले काढतीन. दोन पोरी शिकून राह्यल्या."

काकांनी दुसऱ्याच दिवशी प्रेसवर नियम केला. आत हात घालायचा तर आधी ऑपरेटरच्या डोळ्यापुढं लाल फडकं टांगायचं. ते काढल्याशिवाय प्रेस चालू नाही. मॅनेजरला वाटलं, वा, काय सेफ्टी. त्यानं स्वतःच्या नावानं बोर्ड लावला. पुढं कोणाच्या बोटाला खरचटलंही नाही.

मग दसरा. मशीनची पूजा झाली, कँटीनमध्ये जेवण, आणि पोरं मागं लागली, "पव्या, होऊ दे." मी मॅनेजर केला, मुकादम केला. हशा कमी पडायला लागला. हशा कमी पडला की मला काही सुचत नाही, जवळ जे असेल ते मी काढतो. मी बाकावर बसलो, मान वळवून बाजूच्याच्या ओठाकडे डोळे फाडून बघितलं आणि म्हटलं, "आँ? आग लागली? कुठी?" पोरं लोळली. सुधाकरभाऊ पलीकडे पंगतीत वाढत होता. दारात मॅनेजर उभा होता, तो हसला नाही.

मॅनेजर चालत सुधाकरभाऊच्या मागे गेला आणि हळूच म्हणाला, "सुधाकर." मग परत, "सुधाकर, उद्यापासून येऊ नको." सगळं कँटीन बघत होतं. सुधाकरभाऊला वाटलं, काहीतरी गंमत चालू आहे. तो आमच्याकडे बघून हसला.

तो गेल्यावर थांब्यावर कोणी जाईना. जो तो म्हणायचा, तिथलं आत जाते. भांडणं केबिनमध्ये जायला लागली आणि दिवाळीच्या आत तिघांचे कागद झाले. काका रोज पाचला ओटा झाडून एकटेच बसायचे.

एक दिवस ते काट्यावर आले, घड्याळ पाहिलं. "पाचले ये. आज मी पार्टी हावो. मधात कोणी नाई."

आम्ही बसलो, रोडकडे तोंड करून. नियमानं त्यांनी आधी माझं सांगितलं. "पोट्टा वाईट नाई. त्याले वाटते, लोक हसले म्हंजे लोक आपले झाले. एकटा पडाले भेते. म्हून जे हाती लागलं ते फेकते." खोकले. "बरोबर सांगतलं का तुह्यं?"

"हाव."

"आता माह्यं सांग."

मला त्यांचा आवाज येत होता. खोकला येत होता, भुवई उचलणं येत होतं. त्यांचं म्हणून एक वाक्य तोंडातून निघेना. चार-पाच ट्रक गेले. काका उठले, फडकं झटकलं. "नक्कल येते तुले. दुसऱ्याचं सांगता नाई येत अजून," म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

काका फेब्रुवारीत वारले. डॉक्टर म्हणाले, छातीत कापूसच कापूस. घरी बुद्धवंदना झाली, तेव्हा त्यांचा मुलगा मला म्हणाला, "शेवटी शेवटी खोकताना तुझं नाव काढायचे. म्हणायचे, तो बरा खोकलते, त्याचा थांबते."

पुढच्या रविवारी मी वडनेरला गेलो. सुधाकरभाऊ आता दुसऱ्याच्या वावरात रोजानं जातो. घरापुढं, रोडलगतच्या ओट्यावर बसला होता. "काट्यावरचा पवन ना? ये, बस." बायकोला चहा सांगितला. मी समोर बसलो, तोंड दिसेल असा.

"काका गेले," म्हटलं. माझ्या ओठांकडे बघत त्यानं विचारलं, "कवा?" मी सांगितलं. त्यानं डोळे पुसले.

मग मी म्हटलं, "भाऊ, तुमची बाजू सांगतो. मग माझी. त्या दिवशी कँटीनमध्ये…"

एवढं त्यानं ओठांवर वाचलं आणि तोंड रोडकडे केलं.

मी बोलत राहिलो. सगळं सांगितलं, त्याचं आधी, काकांचं, माझं शेवटी. चहावर साय धरली. त्यानं मान वळवली नाही. तोंड फिरवलं की त्याला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं. मीच तर सगळ्यांना सांगितलं होतं.