अण्णांच्या आवाजाचा डबा

दुपारची जेवणं झाली की आमच्या शिंगणापूरच्या घरात गुंगी उतरते. गावातल्या सगळ्या घरांसारखंच पुढच्या चौकटीला दार नाही, नुसता पडदा आहे. तो वाऱ्यानं फुगतो, पुन्हा बसतो आणि उन्हाचा एक पट्टा फरशीवर पुढे-मागे सरकत राहतो. त्या पट्ट्याकडे बघत मी सतरंजीवर आडवी झाले की टीव्हीखालच्या फळीवरून एक बारीक घूं घूं ऐकू येते. कान दिला तरच ऐकू येते, नाहीतर ती पंख्याच्या आवाजात विरून जाते. तो माझा डबा. मी स्वतःच्या हातानं बांधलेला.

डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. तो दिवसरात्र चालू असतो आणि घरातले फोटो, व्हिडिओ, गाणी असं सगळं पोटात सांभाळतो. घरच्या वायफायवर कुणीही मोबाईल किंवा टीव्ही लावावा आणि त्यातलं बघावं. शिकलेली माणसं त्याला सर्व्हर म्हणतात. आई डबा म्हणते, म्हणून मीही डबाच म्हणते.

तो बांधायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं ते अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे वडील. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी सगळी उमर माईकवर काढली. कुणाची म्हैस सुटली, कुणाचं पोर हरवलं, कुणाचा टेम्पो वाटेत आडवा लागलाय, सगळं अण्णांच्या तोंडून बाजारभर व्हायचं. आवाज असा की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारायच्या, असं लोक म्हणत. लोकांचं काय, ते वाढवूनच सांगतात. पण लहानपणी मी बाजाराच्या कमानीपाशी उभी राहून तो आवाज ऐकलाय आणि मला ते खरं वाटतं. पुढं घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. अण्णा वाचले. आवाज गेला.

नोकरीसाठी मी नगरला राहते, रविवारी तेवढी घरी येते. त्यानंतर एका सकाळी मी नगरमधून कंपनीच्या बसनं नागापूरला कामावर चालले होते. खिडकीला डोकं टेकून अर्धवट झोपेत होते. सहज म्हणून अण्णांचा आवाज मनात लावून बघितला, आणि तो लागेना. शब्द आठवत होते, हात हलवायची लकब आठवत होती, पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. मी खडबडून जागी झाले. इतकी घाबरले की उतरायचा थांबा मागं गेला. अण्णा समोर असून त्यांचा आवाज माझ्यातून चाललाय, ही भीती मला कुणाला सांगताही येईना.

मग मी गोळा करायला लागले. नातेवाइकांच्या लग्नाच्या सीड्या, बंद पडलेले मोबाईल, कपाटाच्या कोपऱ्यातली मेमरी कार्डं. अण्णांना गावोगावच्या लग्नात माईकवर बोलवायचे, त्यामुळं बँडच्या गोंधळात मागून कुठंतरी ते सापडायचे. ‘मंडळींनी अक्षता टाकायची घाई करू नये’, ‘जेवणाची पंगत मागच्या अंगाला बसली आहे’, असं काहीबाही. सगळं तुकड्यातुकड्यांत होतं. बाजारातला अस्सल आवाज मात्र एकाच कॅसेटवर मिळाला. चुलत भावानं कधीतरी हौसेनं भरलेली ती कॅसेट मी टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून एकदाच वाजवली. एकदाच, कारण शेवटाला आल्यावर फीत अडकली आणि तुटली. पण तोवर आवाज आत आला होता. ‘लाल खांद्याची म्हैस सुटली हाय हो, ज्याची आसंल त्यानं कमानीपाशी यावं!’ मी तो तुकडा किती वेळा ऐकला असेन, देव जाणे.

एवढं सगळं ठेवायचं कुठं? मोबाईलचा भरवसा नाही, पेन ड्राइव्ह हरवते. म्हणून डबा.

मी नागापूरच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलची वायरिंग तपासते. स्क्रू, केबल, पत्रा हा माझा रोजचा खेळ. उरलेल्या पत्र्यातून एक पेटी वाकवून घेतली. मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढी, त्याहून तसूभर जास्त नाही. रंगाच्या लाइनवर दिली तर त्या दिवशी तिथं शेंदरी चालू होता, त्यामुळं डबा शेंदरी झाला. फळीवर ठेवल्यावर आलेगेले त्याला नमस्कार करू लागले. एका बाईनं तर वर फूलही वाहिलं. मी हसत होते, पण आईनं ते फूल काही काढू दिलं नाही.

डबा जोडला तो एका रविवारी, याच सतरंजीवर. शनिवारी गावात दर्शनाच्या गर्दीनं पाय ठेवायला जागा नसते. रविवारी सगळं गाव कसं हातपाय ताणून बसल्यासारखं असतं. तळहातापेक्षा थोडा मोठा मदरबोर्ड, त्यावर प्रोसेसर, रॅमची पट्टी, दोन हार्डडिस्क. मी एकेक वस्तू पुड्यातून काढून पाटावर मांडत होते आणि अण्णा मोबाईलचा टॉर्च धरून बसले होते. अॅम्प्लिफायरची बटणं आयुष्यभर फिरवलेला माणूस. वायरी बघून त्यांचे डोळे लुकलुकत होते. एक केबल मी उलटी लावायला गेले तर त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली. आई दळण निवडत लांबून बघत होती.

‘‘येवढ्याशा डब्यात काय मावनार हाय गं?’’

‘‘अण्णा मावणार आहेत,’’ मी म्हटलं.

आईनं सुपातले खडे बाहेर फेकले. ‘‘त्ये घरात मावंना झालेत,’’ ती म्हणाली, आणि अण्णांचे खांदे हसताना हलले. हसण्यालाही आता आवाज नव्हता.

बिनदाराच्या घरात धूळ पाहुण्यासारखी येते आणि मुक्कामाला राहते. म्हणून फॅनच्या जाळीवर मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला. दोन डिस्क अशा जोडल्या की एकीवर जे लिहू तेच दुसरीवर उमटावं. एक मेली तर दुसरी आहेच. मला वाटलं, आता काळजी मिटली. डबा सुरू झाला, हिरवा दिवा लागला, आणि मला उगीचच वाटलं की घरात कुणीतरी श्वास घ्यायला लागलंय.

शेवटी मी पासवर्ड टाकायला लागले, तर अण्णांनी माझा हात धरला. मान हलवली. नाही. मी समजावलं की बाहेरचा कुणीही आत शिरेल, काही उचलेल, काही पुसेल. आई सूप खाली ठेवून उठलीच.

‘‘आपल्या घराला कडी न्हाई आन् डब्याला कशापायी? आळीतल्या मान्सांस्नी काय वाटंल? तुज्या नगरची कुलपं नगरात ऱ्हाऊ दे.’’

आमच्याकडं कुलूप म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर बोललेला संशय. मी इथंच वाढले, मला हे सांगायला नको होतं. मशीनचं कुलूप वेगळं असतं हे मला कळत होतं, पण दोघांपुढं माझं काही चाललं नाही. डबा उघडा राहिला.

मग मी टीव्हीवर अण्णांना अण्णा ऐकवले. लग्नांचे तुकडे, मग बाजार. म्हशीची हाळी सुरू झाली तशी आई पदर तोंडाला लावून बसली. अण्णांनी थोडं ऐकलं. मग ते उठले, पडदा सारून बाहेर गेले आणि लिंबाखाली पाठमोरे उभे राहिले. पुढच्या रविवारीही तेच. मी लावलं की ते उठत. माझा अगदी हिरमोड झाला. एवढा खटाटोप ज्यांच्यासाठी केला त्यांनाच ते नको होतं. मग मी एकटीच ऐकू लागले, दुपारच्या गुंगीत, कानाला वायर लावून. पडदा फुगायचा, बसायचा, आणि मी कमानीपाशी उभी असायचे, परकर-पोलक्यात.

आळीला मात्र डबा मानवला. आमच्या घरात कुणीही येऊन पाणी पिऊन जातं, तसंच डब्याचं झालं. कुणी बारशाचे व्हिडिओ आणून ठेवले, कुणी मुलीचं लग्न, कुणी सप्त्यातली कीर्तनं, कुणी आख्खी मालिका. ज्याच्या त्याच्या मोबाईलमधली अडगळ आमच्या फळीवर आली. अण्णांच्या मोबाईलमध्येही मी डब्यातलं बघायची, त्यात काही टाकायची-काढायची सोय करून दिली होती. तेही त्यात काहीतरी करत बसत. दुपारी कानाला वायर लावून, डोळे मिटून पडलेले दिसत. मला वाटे, कीर्तन ऐकत असतील.

आणि एका रविवारी मी टीव्ही लावला तर अण्णांचा फोल्डर होता, पण आत अण्णा नव्हते.

लग्नं नाहीत, बाजार नाही. त्याऐवजी नुसत्या आकड्यांच्या नावाच्या कसल्या कसल्या फायली. माझं डोकं सणकलं. पहिली आशा दुसऱ्या डिस्कची होती, तर तिच्यावरूनही सगळं गेलेलं. आरसाच तो, समोरचं गेलं की त्यातलंही जातं. एक डिस्क मेली तर काय, याचा मी विचार केला होता. कुणी हातानं पुसलं तर काय, याचा नाही. तिसरीकडं एक प्रत ठेवायची अक्कल मला सुचली नव्हती. लग्नांच्या सीड्या पुन्हा मागता आल्या असत्या. पण ती कॅसेट तुटली तेव्हाच फेकून दिली होती, आणि कॉम्प्युटरवरचा तुकडा डब्यात टाकल्यावर मीच पुसला होता.

‘‘घे! अजून ठेव उघडं!’’ मी आईवर ओरडले. ‘‘आळीतल्या कुणीतरी पुसलं सगळं. स्वतःच्या व्हिडिओंना जागा पाहिजे म्हणून!’’

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आली. ‘‘आपल्या आळीत कुनी कुनाची काडी उचलत न्हाई,’’ ती म्हणाली. ‘‘त्वांड सांभाळून बोल.’’ आणि आत निघून गेली.

कोण चोर ते बघू, म्हणून मी त्या आकड्यांतली एक फाईल लावली. आधी स्टोव्हची फरफर. मग भांडं आपटल्याचा आवाज. मग आई.

‘‘अहो, तुमचा च्या निवला बगा.’’

दुसरी लावली. आई शेजारच्या बाईला सांगत होती की हरभऱ्याची भाजी कोवळी हाय तवर खुडून घे. तिसरीत ती एकटीच काहीतरी गुणगुणत होती, मधेच थांबून मांजराला शिव्या देत होती. चौथीत म्हणाली, ‘‘त्यो मोबाईल काय माज्या तोंडाफुडं धरलाय? ठिवा तिकडं. लई झालं.’’ आणि हसली. अशा किती फायली होत्या. मी एकापुढं एक लावत गेले. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं, पडदा पिवळा झाला होता, आणि घरभर आई बोलत होती, जुनी, कालची, परवाची.

अण्णा लिंबाखालून आत आले. मला बघून थबकले.

‘‘तुम्ही काढला तुमचा आवाज?’’ मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. हो. मग माझ्याशेजारी बसून मोबाईल उघडला आणि एक चौकट दाखवली. डब्यात जागा शिल्लक नाही, असं लिहिलं होतं. त्यांनी पडद्यापलीकडं, आळीकडं हात केला. ते सगळं त्यांचं. मग कानाच्या पाळ्यांना हात लावले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. मग स्वतःच्या छातीवर तळवा ठेवला. हे माझं. आणि तो तळवा हवेत फिरवला, फळ्यावरचं पुसावं तसा.

‘‘अण्णा, तो आता परत मिळायचा नाही,’’ मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. त्यांचा मला राग आला होता. खरंच आला होता. ती म्हैस, ती कमान, ती हाळी माझीही होती, आणि मला न विचारता त्यांनी ती सोडून दिली. त्यांनी पुन्हा मान हलवली. परत मिळायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. पुसायच्या आधीच ठाऊक होतं. माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, म्हातारा, खरखरीत हात, आणि मी रडत राहिले. आईच्या बोलण्यावर ‘काय गं’ म्हणायला, तिला काही विचारून बोलतं करायला त्यांच्यापाशी आवाज उरला नव्हता, तिचं बोलणं तेवढं साठवता येत होतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

आतून आई म्हणाली, ‘‘थालीपिठं लावते. खानार का दोगं?’’

अण्णांचा हात माझ्या पाठीवरून उचलला गेला. त्यांनी मोबाईलवर काहीतरी दाबलं, बारीक लाल ठिपका लागला, आणि ते मला धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी घेऊन गेले. आई परातीत पीठ मळत होती. तिनं वर बघितलं नाही. ती माझ्यावर रुसली होती. अण्णा थांबले. माझ्याकडं बघून त्यांनी ओठांपुढं बोटं उघडमीट केली आणि आईकडं हात केला. बोल. तिला काहीतरी विचार.

मी डोळे पुसले. जे विचारलं त्याचं उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं.

‘‘आई, तुझी थालीपिठं अशी खुसखुशीत कशी होतात गं?’’

‘‘किती डाव सांगू तुला?’’ आई म्हणाली, आणि सांगायला लागली. अण्णांनी मोबाईल आणखी जवळ नेला.