बाबांच्या कॉम्प्युटरची नवी सिस्टीम

माझे बाबा बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात डिझाइन विभागात होते. नोकरी सगळी तिथेच झाली. निवृत्तीनंतर बेंगळुरूतल्याच येलहंक्याच्या घरी त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर घेतला. पुढे आई गेली, बाबांना विस्मरणाचा आजार जडला, तरी सकाळचा नेम मोडला नाही. नाश्ता झाला की इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या खोलीत जायचे, पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबून ड्रॉइंगचा प्रोग्राम उघडायचे आणि एका पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग काढायचे. रोज तेच झाकण, रोज नव्या फाइलीत. बारा वाजले की "झालं आजचं" म्हणून जेवायला उठायचे.

माझं नाव त्यांना आठवेनासं झालं होतं. कधी मी त्यांची बहीण असायची, कधी ऑफिसातली टायपिस्ट. माऊसवरचा हात मात्र चुकत नव्हता. मी लग्न केलेलं नाही, घरूनच काम करते. सकाळच्या त्या तीन तासांवर माझी नोकरी चालली होती.

एके दिवशी पडद्यावर भलीमोठी सूचना आली. या सिस्टीमची सेवा आता संपली आहे, नवी टाकून घ्या, असं इंग्रजीत लिहिलेलं. बाबांनी ते शब्द शब्द लावून वाचलं आणि चष्मा हातात घेऊन स्वयंपाकघरात आले.

"नोटीस आलीय," म्हणाले.

"कसली?"

"सेवा संपली म्हणून. मला आधी कुणी बोललंसुद्धा नाही गं."

मी जाऊन सूचना बंद केली. दोन दिवसांनी ती परत आली, मग वरचेवर येऊ लागली. ती आली की बाबा ड्रॉइंग सोडून बाहेरच्या खोलीत येऊन बसत. "माझं काय चुकलं, ते साहेबांना विचारून ये," म्हणत. मी मीटिंग अर्धी सोडून त्यांची समजूत काढायची.

भाऊ पुण्याला असतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, टाकून दे ना नवी. उद्या व्हायरस शिरला तर त्यांची ड्रॉइंग्ज पण जातील."

"त्यांना जमणार नाही रे."

"जमेल. तूच त्यांना लहान मूल करून ठेवलंयस."

ते लागलं मला. स्टेशनजवळच्या दुकानातून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना बोलावलं. पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. मी विचारलं, नुसती सूचना बंद करता येईल का?

"येईल, अक्का. पण किती दिवस? नवीच घाला. स्वल्प फरक दिसेल, तेवढंच." नाहीच आवडली तर दहा दिवसांत जुनीवर परत जाता येतं, असंही ते म्हणाले.

मी चार दिवस विचार केला. खरं सांगायचं तर बाबांच्या भीतीपेक्षा मला त्या तुटणाऱ्या मीटिंगांचा वैताग आला होता. पाचव्या दिवशी दुरुस्तीवाल्यांना फोन केला आणि त्यांच्याच कानडीत होकार दिला, "सरी, घाला."

संध्याकाळी येऊन ते नवी सिस्टीम घालून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खुर्चीत बसले. हात सवयीने डाव्या कोपऱ्यात गेला. तिथे काहीच नव्हतं. बटण आता खाली मध्यावर आलं होतं. त्यांनी त्याच रिकाम्या जागी चार-पाच वेळा दाबून पाहिलं.

"हा माझा नव्हे," ते म्हणाले. "माझा कुठे नेला?"

"बाबा, तोच आहे. हे बघा, इथे." मी प्रोग्राम उघडून दिला, पण ते कोपऱ्याकडेच बघत राहिले. दुरुस्तीवाल्यांना विचारून मी बटण डावीकडे आणलं. ते दाबल्यावर उघडणारी यादी निराळी होती. बाबा उठले. "माझ्या जागेवर दुसरा माणूस घेतलाय तुम्ही," म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं.

भाऊ म्हणाला, दहा दिवस तरी दे. मी रोज त्यांना बसवायची. हात धरला की ते झटकून टाकायचे. नवव्या दिवशी मात्र मी उघडून दिलेल्या प्रोग्राममध्ये त्यांनी एक वर्तुळ काढलं. नीट, मोजून. मला इतका आनंद झाला की मी लगेच भावाला कळवलं आणि परत जायचा विचार सोडून दिला. त्यानंतर त्यांनी एक रेघही काढली नाही. मी जुनी सिस्टीम आणायला गेले तेव्हा मुदत टळली होती.

दुरुस्तीवाले पुन्हा आले. अख्खी दुपार बसून त्यांनी सगळं पुसून जुनी सिस्टीम घातली, ड्रॉइंग्ज जागच्या जागी ठेवली, पडद्यावरचं चित्रसुद्धा तेच लावलं. "पहिल्यासारखं झालं, अक्का," म्हणाले. सूचनाही त्यांनी बंद करून दिली. ते त्यांना पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

सकाळी बाबांना बसवलं. सगळं होतं तिथे होतं. त्यांनी माऊसवर हात ठेवला. मी बाजूला उभी होते. हात हलला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे वळून अगदी अदबीने विचारलं, "बाई, इथे काय करायचं असतं?"

आता ते सकाळभर गॅलरीत बसतात. विमान गेलं की वर बघतात, मग कारखान्याची बस आली का ते विचारतात. दर पाच-दहा मिनिटांनी विचारतात. मी नोकरी अर्धवेळ करून घेतली.

दिवाळीत भाऊ आला. दोन दिवस बाबांजवळ बसला, त्यांनी त्याला ओळखलं नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "माझं चुकलं, ताई. मी उगाच मागे लागलो."

नव्या सिस्टीमला हो म्हणणारी मी होते, आणि का म्हटलं तेही मलाच ठाऊक होतं. मी पुसलेली भांडी फळीवर लावत राहिले. त्याला तसंच वाटू दिलं.