भारंभार गूळ

टायफॉइडने मी वाळून चिपाड झाले, तेव्हा आईने नवस बोलला: पोर उठली की तिच्या भारंभार, म्हणजे वजनाइतका, गूळ गडावरच्या देवीला. नवस उणा राहिला तर देवी पोरीला पुन्हा अंथरुणात घालते, असं तिचं ठाम मत. मी उठले. मग आईने मला खाऊ घालायला घेतलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वर तूप. नवस रोज थोडा थोडा वाढत गेला.

बमरोलीच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी विज्ञानाची ट्यूशन घेते. त्या आठवड्यात गुरुत्वाकर्षण चाललं होतं. पृथ्वी काही चेंडूसारखी गोल नाही, पोटाशी सुटलेली आहे. म्हणून विषुववृत्तावर माणूस किंचित हलका, ध्रुवावर जड. डोंगर चढलं तरी किंचित हलका, कारण पृथ्वीच्या मध्यापासून लांब गेलो. मी फळ्यावर पृथ्वीचं पोट काढलं. आत आई भाकऱ्या थापत होती.

गडावर निघायच्या आधी दवाखान्यात एकटीच जाऊन काट्यावर उभी राहिले. एकसष्ट. तिथे अख्खं गणगोत जमणार होतं. मी लाजेने आईला अठ्ठावन्न सांगितले. तिने कामरेजहून अठ्ठावन्न किलो गूळ आणवला.

गडावर तागडीच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. माझं पारडं जमिनीला टेकलं ते उठेचना. आईने पारड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला खरंच वाईट वाटलं. पण खोटं बोललेलं माणूस सुधारतं थोडंच.

"जागा बदलली की वजन बदलतं, आई. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसतं."

"वर चढं की वजन वाढस का घटस?"

"घटतं," मी म्हणाले. विज्ञानाच्या बाईंना चुकीचं उत्तर देता येईना.

"कितलं?"

"चमचाभर."

"आनि गूय बी तोच डोंगर चढना ना? तो बी घटनाच व्हई."

बरोबर होतं. तागडीत दोन्हीकडे सारखंच घटतं. हे माझ्या दहावीच्या पोरांनासुद्धा तीनदा सांगावं लागतं. "तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"भाकरी करतांना कान काय बंद करस का मी?"

काका-मामा हसत होते. आईने आपली पिशवी सोडली. आत गुळाच्या एकेक किलोच्या पाच भेल्या होत्या, घरूनच आणलेल्या. तिने एक ठेवली, दुसरी ठेवली, तिसरीला पारडी समोरासमोर आली. तिने देवीला हात जोडले, मग माझ्याकडे वळली.

"अठ्ठावन सांगं तू, तवयच समजनं मले. हाई वजन धरतीनं नही, मन्हा हातन्या भाकरीस्नं शे. मले माहीत नही व्हई?"

मी पारड्यातच बसून रडले. उरलेल्या दोन भेल्या तिने पिशवीत परत घातल्या. उतरताना मला भूक लागेल म्हणून.